शेड द्या, सभागृह नको

आपल्याकडे कलेचा विषय निघाला की पुढारी सभागृह जाहीर करतात. एसी, पुशबॅक खुर्च्या, दारात कोनशिला. नाचणाऱ्याला खुर्ची नकोच असते, त्याला जमीन हवी असते. काँक्रीटवर रोज दोन तास उड्या मारून बघा, महिन्याभरात गुडघे आणि नडग्या बोलायला लागतात. खाली पोकळी ठेवून बसवलेल्या, किंचित दबणाऱ्या लाकडी फळ्या, वर उंच छत आणि मध्ये एकही खांब नाही. समकालीन नृत्याला एवढंच लागतं.

अशी छतं छत्रपती संभाजीनगरात आधीच उभी आहेत, चिकलठाणा एमआयडीसीत. मशिनं हलवता यावीत म्हणून बांधलेल्या शेड आहेत त्या. बंद पडलेल्या एखाद्या शेडमध्ये फक्त फळ्या टाकायच्या आणि तापणाऱ्या पत्र्याचा बंदोबस्त करायचा.

आणि हे काही स्वप्नरंजन नाही. जर्मनीतल्या एसेनची त्सोलफराइन कोळसा खाण 1986 साली बंद झाली. पाळी संपल्यावर खाणकामगार जिथे अंग धुवायचे, त्या इमारतीत 2002 पासून नृत्यकेंद्र आहे. हॅम्बुर्गच्या काम्पनागेल या जुन्या क्रेन कारखान्यात 1982 पासून प्रयोग होतात. त्याच 1982 साली मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे काय झालं ते फिनिक्स मिलमध्ये जाऊन बघा: मॉल आहे, धुराडं शोभेला ठेवलंय. नाही म्हणायला महालक्ष्मीला लक्ष्मी मिल इस्टेटमधल्या एका गोदामात 'जी5ए'चं छोटं थिएटर आहे. एवढ्या गिरण्यांच्या मानाने हे किती?

‘मराठवाड्यात प्यायला पाणी नाही आणि यांना नाच सुचतोय’, हे वाक्य येणारच. मॉलच्या भूमिपूजनाला ते कुणी म्हणत नाही, म्हणून मी ते मनावर घेत नाही. महागामीमुळे 1996 पासून या शहरात कथक-ओडिसीला घर आहे. त्या चौकटीत न बसणारी पोरं मात्र कॉलेजच्या पार्किंगमध्ये, मोबाइलवर गाणं लावून, वॉचमन हाकलेपर्यंत तालीम करतात. तुमच्यापैकीही काही जण तिथलेच असतील.

माझी एकच अट आहे. शेड मिळाली तर तिथे दोनशे रुपयांची कॉफी आणि ‘कल्चरल हब’ची पाटी नको. ज्यांनी त्या छताखाली लेथ चालवलं, त्यांना तिकीट नसावं. आणि पहिली पाळी तीनला सुटते, तर प्रयोग साडेतीनला लावा.