दाखवायच्या पाचशे गाड्या

इंदूरहून पुण्याला निघालेल्या माणसाला ‘कशाने जाणार?’ असे विचारले, तर तो सरळ ‘व्होल्वोने’ म्हणतो. मग बस कोणत्याही कंपनीची असो. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना तर हे नाव अधिकच घरचे. बंगळूरजवळ होसकोटे येथे १९९८ साली व्होल्वोचा ट्रकचा कारखाना सुरू झाला. २००८ साली आयशरबरोबर भागीदारी झाली आणि २०१३ पासून आपल्या पीथमपुरात इंजिनेही तयार होऊ लागली. मोटारींची शाखा १९९९ सालीच वेगळ्या मालकीची झाली. पण त्याआधी याच नावाच्या एका मोटारीने शर्यतीत जो इतिहास घडविला, तो आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा असा आहे.

ही मोटार म्हणजे व्होल्वो २४० टर्बो. दिसायला चौकोनी, बोजड, घरच्या माणसांना घेऊन सावकाश फिरावे अशी. थट्टेने तिला ‘उडती वीट’ म्हणत. तिचे रहस्य टर्बोत होते. इंजिनातून वाया जाणारा धूर एक चाक फिरवतो, त्या चाकाच्या जोरावर सिलिंडरात जास्त हवा कोंबली जाते आणि जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळण्याची सोय. टाकाऊ मालातून उत्पन्न काढण्याचाच हा प्रकार! हा फायदा लक्षात घेऊन नियम करणाऱ्यांनी टर्बो इंजिनाचे आकारमान १.४ ने गुणून धरावे असे ठरविले होते. व्होल्वोचे इंजिन २१२७ सी.सी.चे, गुणाकार केला की २९७८ च्या आसपास, म्हणजे ३००० च्या गटात नेमके बसणारे. हिशेब किती काटेकोर होता पाहा!

१९८५ साली या विटेने मोठ्या इंजिनांच्या रोव्हर आणि बी.एम.डब्ल्यू. यांना मागे टाकले. ब्रांकातेल्ली आणि लिंडस्ट्रॉम या जोडीने युरोपीय टूरिंग कार स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. त्याच वर्षी जर्मनीतील स्पर्धाही स्तुरेसनने याच गाडीवर जिंकली.

आता दुसरी बाजू. टूरिंग कारची शर्यत ही खास बनविलेल्या यंत्रांची नव्हे, बाजारात मिळणाऱ्या मोटारींची. म्हणून त्या वेळच्या नियमानुसार मूळ गाडीच्या ५००० प्रती काढाव्या लागत, आणि शर्यतीसाठी सुधारलेले भाग वापरायचे तर तशा ५०० गाड्या तयार करून विकाव्या लागत. व्होल्वोने ५०० गाड्या तयार केल्या. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली तेव्हा कळले की, त्यांतल्या २३ सोडून बाकी ४७७ गाड्यांचे ते भाग काढून घेतले गेले आणि त्या साध्या टर्बो म्हणून अमेरिकेत विकल्या गेल्या. पण पाचशेही गाड्या अमेरिकेत आल्याचा कागदोपत्री पुरावा कंपनीकडे असल्याने मान्यता रद्द करता आली नाही. गाडी धावत राहिली, विजेतेपदही राहिले. १९८६ च्या मोसमानंतर कंपनीने या शर्यतींतून अंग काढून घेतले.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? गाड्या तयार तर केल्या होत्या! रस्त्यावर कागद धावत नाही, इंजिन धावते; ते इंजिन आणि चालक दोन्ही अस्सल होते. हे मला मान्य आहे. अभियंत्यांचे कौतुक कोणी हिरावून घेऊ नये. पण नियम कोणासाठी होता? ग्राहकासाठी. मैदानात जिंकते ती गाडी आपल्यालाही विकत मिळेल, एवढाच त्याला दिलेला शब्द होता. तो शब्द ४७७ वेळा मोडला गेला आणि कागद मात्र स्वच्छ राहिला. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ते हेच.

शर्यतीत एक चषक इकडचा तिकडे होतो, एवढ्यावर निभावते. पण हीच सवय पुढे काय करते ते २०१५ साली जगाने पाहिले. फोक्सवॅगनच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल मोटारींत असे सॉफ्टवेअर निघाले की, चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरता धूर कमी करी. रस्त्यावर आल्यावर लोकांच्या श्वासाचे काय, हा प्रश्न कागदावर नव्हताच.

मित्रांनो, हे दूरदेशीचे गाऱ्हाणे नव्हे. पीथमपूरजवळ नॅट्रॅक्स या चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान मार्ग २०२१ साली खुला झाला. तेथे वाहनांची परीक्षा होते. ती परीक्षा अभियंते घेतील. पण कारखान्यांच्या माल-तपासणीवर, साठ्याच्या यादीवर, ताळेबंदावर उद्या सह्या करणार आहोत आपण. तपासनीस येणार म्हणून एका दिवसापुरते गोदाम भरणे, ही त्या पाचशे गाड्यांचीच धाकटी बहीण. आणि आज मित्राची प्रकल्पवही उतरवून वेळेवर सादर करणारा विद्यार्थी नियम पाळतो की नियमाची नक्कल करतो, याचा विचार आपण प्राध्यापकांसमोर मोकळेपणाने करावा.

माझे मत इतकेच की, नियम पुष्कळ आहेत. मोजण्याची जागा चुकते. गाड्या मोजायच्या तर कारखान्याच्या अंगणात नव्हे, ग्राहकाच्या दारात मोजाव्यात.

— एक विद्यार्थी, बी. कॉम. (द्वितीय वर्ष)