पाच म्हणजे किती?

शनिवारी रात्री ताईचा अकोल्याहून फोन आला, तेव्हा मी पुण्यात पिझ्झावाल्याची वाट बघत होते. ताईचा आवाज रडवेला. काय झालं, तर लेकीच्या डायरीत शेरा आलाय : ‘वीक इन मॅथ्स’. लेकीचं वय वर्षं पाच! त्यात कन्यारत्नानं स्वतःच जाहीर करून टाकलं होतं, ‘मला मॅथ्स येत नाही.’

‘ट्यूशन लावू का गं?’ ताईनं विचारलं.

मला काय विचारतेस बाई? टीम लंचचं बिल वाटायची वेळ आली की नेमका फोन येणाऱ्यांपैकी मी. पण भाचीच्या तोंडी माझंच वाक्य, तेही पाचव्या वर्षी, हे काही बरं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात दिवाळीला आम्ही सगळे अमरावतीला आईकडे जमलो. मी मावशीच्या थाटात टॅबवर एक ॲप टाकून नेलं होतं. बरोबर आकडा दाबला की हत्ती नाचतो. भाचीनं हत्तीला यथेच्छ नाचवलं आणि वर वन ते हंड्रेड एका दमात म्हणून दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या. वीक कुठली, पोरगी हुशार आहे की!

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली. तिनं चिंचोक्यांचा डबा पुढे सरकवला. ‘पाच दे बरं मले.’

भाचीनं मूठभर दिले. मोजून दाखव म्हटल्यावर वन, टू, थ्री सुरू झालं. एका चिंचोक्यावर बोट दोनदा, एकावर एकदाही नाही, आणि फाइव्ह आलं म्हणून मोजणं बंद. ढिगात उरलेले तसेच.

‘तिचं गाणं पाठ हाये वं,’ आई मला म्हणाली, ‘पाच म्हणजे किती, ते अजून हाती नाही लागलं.’

त्यानंतरचे चार दिवस आईनं ‘गणित’ हा शब्दच उच्चारला नाही. फराळाला माणसं बसली की भाचीनं प्रत्येकापुढे एक वाटी ठेवायची. वाटी उरली तर परत न्यायची, कमी पडली तर आणायची. बस्स. मग सात चिंचोक्यांची एक ओळ, खाली सातांची दुसरी. खालची ओळ जरा पसरून ठेवली की भाची ठाम : ‘ही जास्त!’ मी समजवायला धावले, तर आईनं हात धरला. ‘राहू दे, तिले जोड्या लावून पाहू दे.’ (पियाजेनं अगदी हेच मुलांना विचारून पाहिलं होतं, आणि सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुलं पसरलेली ओळच जास्त म्हणतात, हे मी नंतर वाचलं.)

तिसऱ्या दिवशी बंबात घालायला आणलेल्या तुराट्या निघाल्या. बोटभर तुकडे करायचे, दहा झाले की सुतळीनं बांधून एक जुडी. दहा जुड्यांची मोळी. माँटेसरीच्या महागड्या साहित्यात सोनेरी मणी असतात ना, सुटा मणी, दहांची कांडी, शंभरांचा चौकोन? आमच्याकडे तेच, फक्त तुरीचं.

‘हे माझं डोकं नाही,’ आई म्हणाली. ‘ताराबाई मोडकांचं. अमरावतीच्याच सूनबाई त्या.’

खरंच की! शिशुवर्गाला नावं देणारे आपण, ताराबाई कुठे माहीत असतात? वकील नवऱ्याबरोबर त्या अमरावतीत राहिल्या, तो संसार टिकला नाही. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या पोरांसाठी बालवाडी. तिथे विकतचं साहित्य परवडणार कुठून? मग बिया, शंख-शिंपले, खडे.

जुड्यांचा खरा उपयोग मात्र मला ‘पंचवीस’ला कळला. आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. ऐकून लिहिणारं पोर ५२ लिहितं आणि मार खातं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ आलं, तेव्हा केवढे जोक फिरले होते! समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या, आणि मी ते जोक ऑफिसच्या ग्रुपवर फॉरवर्ड करत होते. इथे भाचीसमोर दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या होत्या. तिनं आधी जुड्या उचलल्या.

परवा अकोल्याहून पुन्हा फोन. शाळेत अजून काही फरक नाही, डायरीत नवा शेराही नाही. ट्यूशनचं ताई दिवाळीनंतर बघू म्हणाली होती, आता संक्रांतीनंतर बघू म्हणतेय. मागून आवाज आला, ‘मावशी, माझ्याकडे चार जुड्या आन् तीन सुट्या! सांग किती?’

मला एक सेकंद लागला.