दोन मिनिटांच्या शांततेनंतर

२६ जुलैला कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण आलं, की आमच्या संघटनेच्या बैठकीत वाद ठरलेलाच. काही मैत्रिणी म्हणतात, जिथे युद्धाचा उदोउदो होतो तिथे आपण कशाला जायचं? काही म्हणतात, गेलो नाही तर लोक आपल्याला देशविरोधी म्हणतील. मला या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. लोक काय म्हणतील या भीतीने श्रद्धांजली वाहू नये, आणि युद्ध नको म्हणून युद्धात गेलेल्या माणसाकडे पाठही फिरवू नये.

मी उभी राहते. १९९९ च्या त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले. कोरडवाहू जमिनीवर घर चालत नाही म्हणून भरतीच्या रांगेत उभी राहिलेली मुलं आपल्याही वाड्यावस्त्यांवर आहेत. युद्ध करायचं की नाही, हे त्यांना कुणी विचारत नाही. त्यांच्यासाठी दोन मिनिटं देणं म्हणजे युद्धाला होकार देणं नव्हे.

ही प्रथा मुळात साहेबाच्या राज्यातली. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सकाळी अकरा वाजता, राजा पंचम जॉर्जच्या आवाहनावरून, ब्रिटिश साम्राज्यात दोन मिनिटं शांतता पाळली गेली. पण स्त्रियांनी ती राजाच्या हाती राहू दिली नाही. १९३३ मध्ये ब्रिटनमधल्या सहकारी चळवळीतल्या कष्टकरी घरांतल्या बायकांनी त्या दिवशी लाल फुलाऐवजी पांढरं फूल लावायला सुरुवात केली. मेलेल्यांची आठवण ठेवू, पण पुढचं युद्ध नको, हे त्यांचं म्हणणं. १९८८ पासून जेरुसलेममध्ये इस्रायली स्त्रिया आपल्याच सरकारच्या लष्करी ताब्याविरुद्ध दर शुक्रवारी काळे कपडे घालून मूकपणे उभ्या राहू लागल्या. म्हणजे गप्प उभं राहणं हेही बोलणं असू शकतं. मात्र आपण का गप्प आहोत, हे आपलं आपण ठरवलेलं असायला हवं.

आपल्याकडच्या कार्यक्रमात मला बोचतं ते वेगळंच. व्यासपीठाच्या कडेला एका खुर्चीवर जवानाची पत्नी बसलेली असते. तिला शाल मिळते, नारळ मिळतो, ‘वीरपत्नी’ म्हणून टाळ्या मिळतात. भाषणं सगळे करतात. माईक तिच्यापर्यंत पोचत नाही. आपली शांतता दोन मिनिटांची, तिची जन्माची! आणि त्याच गावात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं जात नाही. नवरा देशाचा झाला, पण वैधव्य मात्र तिचं एकटीचं राहिलं.

सरकारी कागदही काही वेगळा नव्हता. शौर्यपदकाबरोबरचा मासिक भत्ता जवानाच्या पश्चात पत्नीला मिळतो. पण तिने पुन्हा लग्न केलं की तो बंद होई. अपवाद एकच – दिराशी लग्न केलं तर चालू! बाई घरात राहिली तर पैसाही घरात राहतो, हा हिशोब नियमातच लिहून ठेवला होता. ही अट निघायला नोव्हेंबर २०१७ उजाडावं लागलं. नियम बदलला, पण सासरच्या ओसरीवरचा हिशोब अजून बदललेला नाही. पेन्शनच्या पासबुकावर आणि तिच्या दुसऱ्या लग्नावर कुणाचा शब्द चालतो, हे आपण गावोगाव पाहतोच.

बदल होऊ शकतो, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने दाखवलं. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ते परिपत्रक किती गावांत वाचलं गेलं, हे आपणच जाऊन विचारायला हवं.

म्हणून माझं म्हणणं असं : आपण या कार्यक्रमांना जाऊ या, मान खाली घालून उभ्या राहू या, आणि शांतता संपली की बोलू या. जवानाच्या पत्नीला, आईला बोलायचं असेल तर पहिला माईक त्यांना मिळावा. बोलायचं नसेल, तर त्यांना शोभेसाठी बसवू नये. पेन्शनचे आणि पुनर्विवाहाचे नियम तिथेच सोप्या मराठीत वाचून दाखवावेत. हेरवाडसारखा ठराव त्याच दिवशी ग्रामसभेपुढे ठेवण्याचा आग्रह धरावा. आणि सूडाच्या घोषणा सुरू झाल्या तर आपण त्यात सूर मिसळू नये. सीमेपलीकडेही कुणाच्या तरी बांगड्या फुटतातच.

मेलेल्यांसाठी दोन मिनिटं गप्प राहणं सोपं असतं, मैत्रिणींनो. त्यांच्यामागे राहिलेल्या बाईचं ऐकायला जास्त वेळ लागतो. तो आपण द्यायला हवा.