चुणीतले सत्त्व

सुरळीची वडी जमते ती बेसनाची म्हणून. त्याच ताकात मैदा शिजवला तर हाती येते ती कागद डकवायची खळ. बेसन मात्र ताटावर पापुद्र्यासारखे आळते आणि न तुटता गुंडाळले जाते. यात प्रथिनांचा हात आहेच, पण बराच मोठा वाटा पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा. स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात: सरळ धाग्यासारखे अमायलोज आणि फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन. गव्हा-मक्यात अमायलोज साधारण पाव हिस्सा भरते, कडधान्यांत ते बहुधा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक. हे धागे गार होताना एकमेकांना घट्ट बिलगतात, म्हणून तर उरलेल्या पिठल्याच्या सकाळी वड्या कापता येतात. स्वयंपाकघरात गुण ठरणारी ही गोष्ट कारखान्यात अवगुण मानली गेली. तिथे दाटपणा हवा तो मऊ, न आळणारा. त्यामुळे सूप-सॉसच्या पाकिटांत मक्याचा स्टार्च, तोही बहुतेकदा रसायनांनी बदललेला, ठाण मांडून बसला. पाकिटाच्या मागे १४२२ किंवा १४४२ हा क्रमांक दिसला तर तो याच घराण्यातला.

कडधान्याच्या स्टार्चला वळण लावण्याची एक साधी रीत मात्र केव्हाची माहीत आहे. स्टार्चमध्ये १० ते ३० टक्के ओल ठेवायची आणि बंद भांड्यात ९० ते १२० अंश सेल्सिअसला काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत तापवायचे. पाणी इतके कमी असते की कण फुगून फुटत नाहीत. पण आतले धागे हलायला मोकळे होतात आणि नव्याने, अधिक घट्ट बसतात. असा स्टार्च पुढे शिजवताना कमी फुगतो, शिजायला जास्त उष्णता मागतो आणि सतत ढवळले तरी त्याचा दाटपणा मोडत नाही. कॅनडातील हूवर आणि वसंतन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गहू-बटाट्याबरोबर मसूरही होता. पुढे वाटाणा, घेवडा, मूग अशा अनेकांवर हे प्रयोग झाले. कोकणातला उकडा तांदूळ या रीतीचा चुलतभाऊ म्हणता येईल. सख्खा नव्हे, कारण भात आधी भिजवलेला असतो आणि उकडताना त्यातला स्टार्च शिजतो. खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत रासायनिक स्टार्चना क्रमांक आहेत. फक्त ओल आणि उष्णता यांनी बदललेल्याला क्रमांक नाही, कारण त्यात बाहेरचे काही मिसळलेलेच नसते.

महाराष्ट्राने याकडे लक्ष द्यावे, याचे कारण लातूर, अकोला, जळगावच्या डाळगिरण्यांत आहे. जुन्या पद्धतीच्या गिरणीत शंभर किलो तुरीमागे डाळीचा उतारा ७० ते ७५ किलोच्या आसपास पडतो. टरफल वजा केले तरी दहा-बारा किलो तुकडा आणि पीठ उरते. ते चुणी म्हणून गुरांपुढे जाते. त्यात स्टार्चही असतो आणि प्रथिनेही. वाटाण्याच्या प्रथिनाचे मोठे कारखाने परदेशात उभे राहिले, तेव्हा तिथेही प्रत्येक किलो प्रथिनामागे सुमारे दोन किलो स्टार्च पदरात पडू लागला आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न आला. प्रथिन पावडरीची हौस आपल्याकडेही वाढते आहे. हा प्रश्न दाराशी येण्याआधी उत्तर तयार असलेले बरे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: डाळ आयात करणाऱ्या देशाने डाळीचा स्टार्च कशाला काढावा? अखंड डाळीचा कोणी काढू नये, हेच माझेही म्हणणे. अखंड डाळीत पेशींच्या भिंती स्टार्चला कोंडून धरतात, तो सावकाश पचतो. दळून वेगळा केला की हा फायदा बराच जातो. उष्णता-ओलीच्या प्रक्रियेने सावकाश पचणारा भाग वाढल्याचे प्रयोगांत दिसते, पण पदार्थ पुन्हा शिजला की त्यातला बराचसा लाभ ओसरतो. तेव्हा मधुमेहींसाठी वरदान वगैरे जाहिराती आधीच नाकारलेल्या बऱ्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मक्याचा स्टार्च स्वस्त आहे, कारण त्याची यंत्रणा शंभरहून अधिक वर्षे मुरलेली आहे. उलट कडधान्याचा चीक गव्हाच्या चिकासारखा पटकन निवळत नाही. बारीक चोथा आणि प्रथिने त्याला तरंगत ठेवतात. यावर पाण्याविना मार्ग आहे: पीठ अतिबारीक करून हवेच्या झोताने हलका प्रथिनयुक्त भाग आणि जड स्टार्चयुक्त भाग वेगळे करणे. प्रथिनांचा भाग पशुखाद्यात परत जाऊ शकतो, म्हणजे गुरांच्या तोंडचा घासही फारसा जात नाही. आणि रासायनिक स्टार्च विषारी आहे असे मी म्हणत नाही; ठरवलेल्या मर्यादेत तो सुरक्षित मानला गेला आहे. गोठवलेल्या पदार्थांत तर तोच लागेल, कारण तिथे पाणी सुटण्याची खोड उष्णतेने जात नाही. पण शेवया, डबाबंद रश्शाच्या भाज्या, झटपट सूप यांना उकळी आणि ढवळणे सोसणारा स्टार्च हवा असतो. तिथे ही रीत पुरेशी आहे. मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवया चीनमध्ये शतकानुशतके होत आल्या आहेत, त्याही साध्या मुगावरच.

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने छोटी डाळगिरणी खेड्यांत नेली. तिच्या शेजारी वाफेची एक टाकी आणि ओल मोजायचे साधन ठेवून पहिली चाचणी विद्यापीठानेच घ्यावी. सुरुवात तुरीच्या आणि मुगाच्या चुणीपासून व्हावी. हरभऱ्यात तेल जास्त, त्याचे पीठ गोळे धरते. त्याची पाळी नंतर.