रिकाम्या आसनांना सवलत

पलसाण्याच्या चौफुलीवर, येथील बोलीत चोकडीवर, मुंबईकडून येणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग एकमेकांस भेटतात. आखाजीला किंवा लग्नसराईत खानदेशाकडे निघालेली आपली कितीतरी माणसे याच वाटेने जातात, आणि ती सहसा एकटी जात नाहीत. एका मोटारीत दोन बिऱ्हाडे, मांडीवर मुले, पायाशी डबे, असाच तो प्रवास असतो. त्यामागे इंधन वाचविण्याचा हेतू नसतो, भाडे वाटून घेण्याचा असतो. इंधन मात्र वाचतेच.

अशा भरलेल्या मोटारींसाठी अमेरिकेतील काही महामार्गांवर वेगळी मार्गिका राखून ठेवलेली असते. आत दोन किंवा तीन माणसे असतील तरच तीत शिरावयाचे. कॅलिफोर्निया राज्याने २००० सालापासून या नियमास अपवाद केला. मोटार अत्यल्प धूर सोडणारी असेल तर एकट्या चालकासही प्रवेश मिळू लागला. पुढे पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणाऱ्या मोटारींनाही पिवळी चिकटपत्रे देण्यात आली. ती ८५,००० वर थांबवावी लागली आणि जुलै २०११ मध्ये त्यांचा हक्कही संपला. विजेच्या मोटारींना मिळणारी सवलत सप्टेंबर २०२५ अखेर बंद झाली. थोड्यांना दिली तरच मार्गिका मोकळी राहते; पुष्कळांना दिली की ती इतर मार्गिकांसारखीच तुंबते. ही अडचण त्या सवलतीच्या पोटातच होती.

आपल्या महामार्गांवर अशी मार्गिका नाही. त्याच जातीची सवलत मात्र महाराष्ट्रात आली आहे. तेथील २०२५ च्या विद्युत् वाहन धोरणानुसार अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग या तीन रस्त्यांवर विजेच्या मोटारींना व प्रवासी बसगाड्यांना पथकर माफ करण्यात आला; अटल सेतूवर त्याची अंमलबजावणी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. धूर कमी व्हावा ही इच्छा रास्तच आहे. पण थोडा हिशेब मांडून पाहावा. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या दरांनुसार मुंबई–पुणे मार्गावर मोटारीस ३२० आणि बसगाडीस ९४० रुपये पडतात. डिझेलच्या बसमध्ये ४७ प्रवासी असतील तर माणशी २० रुपये झाले. तिच्या शेजारून विजेच्या मोटारीत एकटाच जाणारा गृहस्थ काहीच देत नाही. बस धूर सोडते हे खरे, परंतु तो ४७ जणांत वाटला जातो. आणि रस्त्यावरची जागा तर विजेची मोटारही पेट्रोलच्या मोटारीइतकीच अडविते.

गुजरातेत गोष्ट निराळी आहे. येथे २०२१ च्या धोरणाने विजेची वाहने विकत घेण्यास अर्थसाहाय्य दिले. राज्याच्या रस्त्यांवर लहान मोटारींचा पथकर तर १५ ऑगस्ट २०१६ पासूनच उठला होता, मग ती मोटार कशावरही चालो. जेथे कर नाही तेथे माफी कसली द्यावयाची!

मोजमापाचा धडा मात्र सुरतेजवळच सापडतो. २०१९ साली या परिसरातील कोळसा जाळणाऱ्या दीडशेहून अधिक कारखान्यांसाठी, त्यांत कापडप्रक्रियेचे पुष्कळ, एक योजना सुरू झाली. चिमणीतून बाहेर पडणारे धूलिकण यंत्राने सतत मोजावयाचे, सर्वांची मिळून मर्यादा ठरवावयाची, आणि ज्याने कमी सोडले त्याने आपला उरलेला परवाना दुसऱ्यास विकावयाचा. भट्टी कोणत्या बनावटीची, याला तेथे महत्त्व नव्हते. बाहेर किती पडले याला होते. रस्त्यावर माणसे मोजणे अवघड आहे, हे मान्य. परंतु बस ओळखण्यास काही यंत्र लागत नाही. पहिली माफी तिला, मग ती डिझेलची का असेना, आणि विजेच्या खाजगी मोटारीची पाळी त्यानंतर, असा क्रम आम्हांस अधिक न्याय्य वाटतो.

विजेची मोटार घेण्याच्या विचारात असलेल्या कुटुंबांनी एवढे ध्यानात ठेवावे की महाराष्ट्राची माफी त्या तीन रस्त्यांपुरती आहे. पलसाण्याहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग तीत येत नाही.