वेगमापकाची साक्ष

मकरसंक्रांतीच्या दिवशी जयपूरच्या बनी पार्क वस्तीतील गच्च्यांवर पतंग उडवणाऱ्यांची दाटी होते. मांजा ताणलेला असतो आणि पतंग आकाशात जवळजवळ एकाच जागी उभा असतो. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग शून्य; परंतु अंगावरून वाहणाऱ्या हवेच्या हिशेबाने तो शून्य नव्हे, आणि म्हणूनच तो वर टिकतो. याच शहराच्या दक्षिणेस सांगानेर येथे विमानतळ आहे. तेथे उतरणाऱ्या विमानालाही पतंगाचाच न्याय लागू असतो. पंखाला जमीन ठाऊक नसते, समोरून येणारी हवा तेवढी ठाऊक असते. तिचा वेग सांगणाऱ्या यंत्रास वायुवेगमापक म्हणतात. लहान विमानात हा वेगमापक आणि अन्य साधने यांचा मेळ बसेनासा झाला की बहुधा तबकडीवर बोटाने टिचकी मारली जाते, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्रच बदलले जाते. ही दोन्ही वळणे सोडून देण्याजोगी आहेत.

वेगमापक वेग मोजतच नाही; तो दाबांतील फरक मोजतो. वाऱ्याला सामोरी असलेली पिटो नळी समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब घेते आणि विमानाच्या कुशीतील बारीक छिद्र भोवतालच्या स्थिर हवेचा. (आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने ही युक्ती १७३२ मध्ये सेन नदीच्या प्रवाहावर योजली होती; विमानाचा तेव्हा कोणास स्वप्नातही विचार नव्हता.) हा फरक किती नाजूक असतो हे शाळेतही पाहता येईल. समुद्रसपाटीवर ताशी १०० किलोमीटर वेगाला तो अवघा ४८ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा भरतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट, म्हणजे सुमारे १९३ मिलिमीटर होतो. अर्थात कमी वेगाला, जेथे वैमानिकाला काट्याची गरज सर्वांत अधिक, तेथेच यंत्राच्या हाती लागणारा दाब सर्वांत थोडा असतो. नळीत अडकलेला पाण्याचा एक थेंबही तेथे घोटाळा करू शकतो.

तथापि प्रत्येक तफावत हा बिघाड नव्हे. सांगानेरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३८५ मीटर उंच आहे. जूनमध्ये पारा ४५ अंशांवर गेला की तेथील हवा इतकी विरळ होते की, काटा ताशी १२० किलोमीटर दाखवीत असता विमान हवेतून प्रत्यक्षात सुमारे १२९ किलोमीटर वेगाने जात असते. जानेवारीच्या सकाळी १० अंशांना हाच आकडा १२२ च्या आसपास राहतो. उपग्रहांच्या आधारे चालणारे जीपीएस यंत्र तर जमिनीवरचा वेग सांगते. त्यात वाऱ्याची भर किंवा घट असतेच. म्हणून जीपीएसशी ताळा पाहणाऱ्याने एकाच दिशेने उडून निकाल देऊ नये. निरनिराळ्या दिशांना तोच दर्शक वेग राखून उडावे, वाऱ्याचा परिणाम वजा करावा, उंची व तापमान यांचा हिशेब घालावा, आणि मगच यंत्राला दोषी ठरवावे.

खरा दोष असेल तर तो आपली खूण ठेवतो. पिटो नळीचे तोंड बंद होऊन पाणी निथळण्याचे छिद्र उघडे राहिले तर काटा शून्याकडे येतो. दोन्ही बंद झाली तर वेगमापक उंचीमापकासारखा वागू लागतो: विमान चढताना वेग वाढल्याचे आणि उतरताना घटल्याचे दाखवतो. स्थिर दाबाचे छिद्र बुजले तर उंचीमापक जागीच थिजतो, आणि वेगमापक छिद्र बुजल्या उंचीच्या वर कमी व खाली जास्त वेग सांगतो. पिटोची नळी गळत असेल तर वेग कमी दिसतो. स्थिर दाबाची नळी विमानाच्या आत गळत असेल तर बहुधा जास्त दिसतो. एकाच नळीवर बसवलेल्या दोन तबकड्यांत फरक पडला तर संशय तबकडीवर घ्यावा. दोन्ही एकमताने चुकत असतील तर नळ्यांवर. एवढे कळल्यावर नवी तबकडी बसवून गळकी नळी तशीच ठेवण्यात काय अर्थ आहे? नळीत तोंडाने फुंकर मारणे हा तर निव्वळ अविचार होय. वर सांगितलेले मिलिमीटर ध्यानात घेतले म्हणजे फुंकरीचा दाब आतील पातळ डबीचे काय करील हे वेगळे सांगावयास नको.

बनी पार्कपासून थोड्याच अंतरावर, जुन्या शहरात, सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे. पितळी यंत्रे आकाराने लहान, त्यांचे आस झिजतात, मध्य सरकतात, हे पाहून त्याने दगडाचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. पण तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. वेधांची परस्परांशी पडताळणी व्हावी म्हणून त्याने अन्य नगरांतही वेधशाळा बांधल्या. दोन वेधांत फरक आढळला तर तो झाकण्याची वस्तू नसून तपासाची सुरुवात आहे, हे त्याला उमगले होते.

लहान विमानाची अडचण अशी की त्यात पिटो नळी बहुधा एकच असते. मोठ्या विमानांत अनेक असतात, तरीही अनर्थ झाले आहेत. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेले बोइंग ७५७ विमान समुद्रात कोसळले आणि १८९ माणसे दगावली. कप्तानाचा वेगमापक चालत नाही हे धावपट्टीवरच ध्यानात आले होते, तरी उड्डाण थांबवले गेले नाही. वर चढताना तोच काटा भलताच वेग दाखवू लागला. नळीत कुंभारीण माशीने मातीचे घरटे केले असावे, असे तपासात संभाव्य कारण मानले गेले. विमान कित्येक दिवस उभे होते आणि नळ्यांवर टोप्या नव्हत्या. सहवैमानिकाचा वेगमापक ठीक होता. पण कोणत्या साक्षीदारावर भरवसा ठेवावा याचा निर्णय हवेत वेळेवर झाला नाही.

यासाठी विमान एकट्याने उडवू देण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याकडून, शिक्षक शेजारी असताना, वेगमापक झाकून उड्डाण व अवतरण करून घेणे सक्तीचे असावे. इंजिनाचे फेरे आणि क्षितिजाशी असलेला नाकाचा कोन ठराविक ठेवला तर वेगही ठराविक राहतो, हे त्याच्या हाताला कळले पाहिजे. इंधन महाग आहे, तासांचे शुल्क भारी आहे, हा आक्षेप खोटा नाही. परंतु हवेतील अशा एका फेरीला काही मिनिटेच लागतात. दुसरी गोष्ट याहून स्वस्त आहे. दोषांच्या नोंदवहीत ‘वेगमापक सदोष’ एवढेच न लिहिता उंची, तापमान, इंजिनाचे फेरे, विमान चढत होते की उतरत होते, उंचीमापक काय दाखवीत होता आणि आदल्या रात्री नळीवर टोपी होती की नाही, हे सारे लिहावे. यंत्रज्ञाला दुसऱ्या दिवशी हाती पाना घेण्यापूर्वी हीच नोंद वाचावयाची असते.