प्रोग्रॅमिंग येत नाही? मग काय झाले!

संगणकाचा धंदा संगणक शिकलेल्यांनीच करावा, अशी बहुतेक घरांची समजूत असते. मुलाने किंवा सुनेने तसा विचार बोलून दाखवला की पहिला प्रश्न येतो, ‘‘तुला प्रोग्रॅमिंग कुठे येते?’’

संजीव बिखचंदानी यांनाही ते येत नव्हते. अर्थशास्त्राची पदवी, अहमदाबादच्या आयआयएममधले शिक्षण आणि हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीत मार्केटिंगची नोकरी, एवढीच त्यांची शिदोरी.

त्या कचेरीत त्यांनी एक गोष्ट हेरली. ‘बिझनेस इंडिया’चा अंक आला की सहकारी तो मागच्या पानांपासून उघडत. नोकरीच्या जाहिराती तिथे असत. नोकरी बदलायची नसली तरी जाहिराती सगळेच वाचत. ही गोष्ट इतरांनाही दिसत होतीच, पण त्यात धंदा आहे हे कुणाच्या डोक्यात आले नाही.

१९९० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. दिल्लीत वडिलांच्या गॅरेजवरच्या नोकरांच्या खोलीत काम सुरू झाले. पगारांची पाहणी करून अहवाल विकायचे, जोडीला शिकवायला जायचे. घर चालत होते ते पत्नी सुरभी यांच्या पगारावर. यशाच्या कथांत हा भाग एका ओळीत उरकला जातो. खरी जोखीम मात्र तिथेच होती.

१९९६ मध्ये दिल्लीतल्या एका प्रदर्शनात त्यांनी इंटरनेट पाहिले आणि मनात घोळत असलेल्या नोकऱ्यांच्या यादीला जागा सापडली. सर्व्हर अमेरिकेत भाड्याने घ्यावा लागणार होता. तिथे प्राध्यापक असलेल्या भावाने ती सोय केली. त्याला कंपनीत ५ टक्के हिस्सा मिळाला. संकेतस्थळ तयार करणाऱ्या मित्राला द्यायला पैसे नव्हते. त्याला ७ टक्के. वर्तमानपत्रांतल्या सुमारे हजार जाहिराती टाइप करून घेतल्या आणि १९९७ मध्ये ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू झाले.

हिस्सा देताना अनेकांचा हात आखडतो. प्रोग्रॅमरला ठरावीक रक्कम देऊन मोकळे व्हावे, असे वाटते. पण संकेतस्थळ म्हणजे एकदा शिवून घेतलेला सदरा नव्हे, ते रोज उसवते आणि रोज टाके घालावे लागतात. स्वतःला टाका घालता येत नसेल, तर घालणारा माणूस घरचाच हवा. कागदपत्रे मात्र पहिल्याच दिवशी करावीत, मित्र कितीही जवळचा असला तरी.

नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांच्या ‘इन्फो एज’ कंपनीचे शेअर बाजारात आले. नोकरी सोडून तेव्हा १६ वर्षे झाली होती.